एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीत : पीएचपीतल्या ऑब्जेक्टचा पुन्हापुन्हा येणारा बिघाड

लक्षण असं. एकेक पट्टी (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद) काढली की बरोबर येते. दिवसअखेर सगळ्या पट्ट्या एकदम काढल्या की एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जातो. कधी सगळ्याच पट्ट्या शेवटच्या शेतकऱ्याच्या होतात, कधी एखादाच रकाना चुकतो, कधी तारीख पट्टीगणिक पुढं सरकत जाते. एरर येत नाही. लॉगमध्ये काही सापडत नाही. शंभर वेळा वाचलेला कोड शंभराव्या वेळीही बरोबरच वाटतो.

मी सांगलीत अडत दुकानांसाठी हिशोबाचे प्रोग्रॅम लिहितो, पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. हा बिघाड एकाच प्रोग्रॅममध्ये माझ्याकडे तीन वेळा आला, तीन वेगळ्या रूपांत. मूळ एकच होतं, हे तिसऱ्या खेपेला कळलं. तुमच्याकडे पट्टीऐवजी शाळेची पावती असेल, दवाखान्याचं बिल असेल, पण लक्षण हेच असेल तर पुढचं वाचा.

आमची रचना साधी होती. ‘पट्टी’ नावाचा एक क्लास (ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो साचा). त्यात शेतकरी, पोती, वजन, दर, सौद्याची तारीख. शिवाय ‘खर्च’ नावाच्या दुसऱ्या क्लासचा एक ऑब्जेक्ट, ज्यात पोत्यामागं हमाली, तोलाई आणि शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल. सकाळी एक नमुना पट्टी तयार करायची, तिच्यात त्या दिवसाची तारीख आणि हमाली-तोलाईचे दर भरून ठेवायचे. मग सौदा झालेल्या प्रत्येक नोंदीसाठी लूपमध्ये असं:

$पट्टी = $नमुना;
$पट्टी->शेतकरी = $नोंद->शेतकरी;
$पट्टी->वजन = $नोंद->वजन;
$यादी[] = $पट्टी;

(व्हेरिएबलची आणि प्रॉपर्टीची, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या रकान्यांची, नावं देवनागरीत असली तरी पीएचपी ती मुकाट चालवते. पुढं क्लोन, न्यू, धिस असे शब्द येतील, ते भाषेचे राखीव शब्द आणि ठरलेली नावं. ती टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच हवीत.)

पहिल्या खेपेला यादीतल्या सगळ्या पट्ट्या एकाच माणसाच्या निघाल्या, शेवटच्या. मी सेशनवर संशय घेतला, मग ब्राउझरच्या कॅशवर, मग कुणी बटण दोनदा दाबतंय का यावर. एक अख्खी दुपार त्यात गेली. शोध चुकीच्या दिशेनं चालला होता, कारण मी विचारत होतो, ‘आकडा कोण बदलतंय?’ विचारायला हवं होतं, ‘ऑब्जेक्ट मुळात किती आहेत?’

हा प्रश्न विचारायला पीएचपीत सोपी सोय आहे. ‘व्हार डंप’ केलं की क्लासच्या नावापुढं # हे चिन्ह आणि एक आकडा येतो. तो त्या ऑब्जेक्टचा नंबर. नुसता नंबर हवा असेल तर पीएचपी ७.२ पासून ‘एसपीएल ऑब्जेक्ट आयडी’ हे फंक्शन आहे. मी एका कोऱ्या फाइलमध्ये नमुना आणि तीन पट्ट्या एवढंच घेऊन चालवलं, तर तिन्ही पट्ट्यांवर #१. म्हणजे यादीत ओळी तीन, पट्टी एकच.

एक सावधगिरी इथंच सांगतो. ऑब्जेक्टचा उपयोग संपून तो मोकळा झाला की त्याचा नंबर पुढच्या नव्या ऑब्जेक्टला मिळू शकतो. म्हणून लूपच्या आत नंबर छापत बसू नका. तिथं एक मरून दुसरा जन्मला तरी तोच नंबर दिसतो आणि नसलेला बिघाड दिसायला लागतो. सगळे ऑब्जेक्ट जिवंत असताना, लूप संपल्यावर, यादीवरून नंबर छापा.

असं का होतं, ते सांगलीकरांना पेवावरून पटकन कळेल. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. समजा प्रत्येक पेवाला नंबर आहे आणि तुमच्या खिशात त्या नंबराची चिठ्ठी आहे. मी तुमच्या चिठ्ठीवरून दुसऱ्या कागदावर तोच नंबर उतरवून घेतला, तर चिठ्ठ्या दोन झाल्या, पेव एकच राहिलं. मी माझ्या चिठ्ठीवर जाऊन दोन पोती काढली तर तुमच्या चिठ्ठीवरही दोन पोती कमीच मिळणार. पीएचपीत व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, ऑब्जेक्टची चिठ्ठी असते. बरोबरच्या चिन्हानं चिठ्ठीची नक्कल होते, पेवाची नाही.

आकडा, मजकूर आणि ॲरे (अनेक किमतींची यादी) यांचं तसं नाही. ॲरे दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की वेगळा होतो, एकात बदल केला तर दुसरा तसाच राहतो. पीएचपी शिकताना आपण आधी ॲरे शिकतो, हाताला तीच सवय लागते, आणि क्लास आले की तीच सवय घात करते. त्यात पीएचपी ४ मध्ये ऑब्जेक्टही असेच नक्कल होऊन जायचे. जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आलं, कोड चालवणाऱ्या नव्या गाभ्याबरोबर, झेंड इंजिन २ बरोबर, ऑब्जेक्टची सगळी व्यवस्था बदलली, आणि तेव्हापासून चिठ्ठीचा हा नियम आहे. त्या काळातला कोड कुणी पुढं ओढत आणला असेल तर त्यात ऑब्जेक्टच्या आधी अँपरसँडचं (&) चिन्ह जागोजागी दिसेल. आज त्याची गरज नाही, आणि हा बिघाड काढायला ते चिन्ह घालून तर काहीच होत नाही. मी घालून पाहिलं होतं.

फंक्शनला ऑब्जेक्ट दिला तरी हेच. ‘ऑब्जेक्ट रेफरन्सनं जातो’ असं सरसकट सांगतात, ते पुरतं खरं नाही. जाते ती चिठ्ठीची नक्कल. फंक्शनच्या आत त्या व्हेरिएबलला नवा ऑब्जेक्ट दिला किंवा नल (रिकामं) केलं, तर बाहेरच्याला काही होत नाही, कारण फाडली ती नक्कल. पण आत बाणाचं चिन्ह वापरून प्रॉपर्टी बदलली तर बाहेरही बदलते, कारण हात पेवात गेला. एवढा फरक डोक्यात बसला की निम्मे घोटाळे वाचतानाच दिसतात.

पहिल्या खेपेचा इलाज म्हणून मी पहिली ओळ बदलली. क्लोन म्हणजे चिठ्ठीची नाही, ऑब्जेक्टचीच नवी प्रत:

$पट्टी = क्लोन $नमुना;

नावं सुधारली, वजनं सुधारली, मी समाधानानं घरी गेलो.

दुसरी खेप आली ती हंगामात. दिवाणजींनी दोन पट्ट्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बोट ठेवलं. एक कसबे डिग्रजच्या शेतकऱ्याची, उचल ५,०००. दुसरी दुधगावच्या शेतकऱ्याची, उचल तीच, ५,०००. “साहेब, ह्यांनी एक रुपया उचललेला नाही. ह्यांच्या पट्टीला उचल लागलीच कशी?” खालच्या गठ्ठ्यात पाहिलं तर त्या दिवसाच्या प्रत्येक पट्टीवर ५,००० वजा. शेठ काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, शेतकऱ्याच्या हातात जायच्या आधी सापडलं ते बरं झालं. वर्षभर राबून आणलेल्या हळदीच्या पट्टीत पाच हजार कमी दिसणं काय असतं, हे अडतीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला ती दुपार अजून आठवते.

कारण असं: क्लोन एकच मजला उचलतो. पट्टी नवी होते, तिच्यातले आकडे आणि मजकूर नवे होतात, पण तिच्या आत ज्या चिठ्ठ्या आहेत त्यांची फक्त नक्कल होते. ‘खर्च’ हा ऑब्जेक्ट होता, म्हणून सगळ्या पट्ट्यांच्या आत एकाच खर्चाची चिठ्ठी राहिली. हमाली-तोलाईचे दर सगळ्यांना सारखेच, त्यामुळं तिथं चूक दिसायला जागाच नव्हती. उचल मात्र ज्याची त्याची. त्या दिवशी उचल घेणारा एकच होता, त्याची रक्कम सामाईक खर्चात लिहिली गेली आणि सगळ्यांच्या पट्टीत उतरली.

चाचणीच्या फाइलमध्ये हे स्वच्छ दिसतं. नमुना #१, त्याचा खर्च #२, तारीख #३. क्लोन केलेल्या पट्ट्या #४, #५, #६. पण प्रत्येकीच्या आत खर्च #२. बाहेरचे नंबर वेगळे पाहून थांबू नका. आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टचा नंबर पाहा.

याचा पुस्तकी इलाज म्हणजे क्लासमध्ये दोन अंडरस्कोअर लावून क्लोन नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) लिहायची. क्लोन झाल्याबरोबर पीएचपी ती नव्या ऑब्जेक्टवर आपोआप चालवते. तिच्यात एक ओळ:

$धिस->खर्च = क्लोन $धिस->खर्च;

आता पट्ट्या #४, #६, #८ आणि त्यांचे खर्च #५, #७, #९. उचल ज्याची त्याच्याकडे गेली. तारीख मात्र अजून सगळीकडे #३ होती. ती ओळ तेव्हा पडद्यावर माझ्यासमोर होती. मी उचल शोधत होतो, म्हणून उचलच पाहिली. तिसरी खेप त्या #३ मधून आली.

पट्टीवर पैसे द्यायची मुदत छापायची सोय नंतर मागितली गेली: सौद्यापासून आठ दिवस. मी छापायच्या फंक्शनमध्ये पट्टीची तारीख घेतली आणि तिच्यावर ‘मॉडिफाय’ करून आठ दिवस वाढवले. पहिल्या पट्टीवर मुदत बरोबर. दुसरीवर सोळा दिवसांनी, तिसरीवर चोवीस. पीएचपीतला साधा ‘डेटटाइम’ हा बदलणारा ऑब्जेक्ट आहे. ‘मॉडिफाय’ नवी तारीख देत नाही, आहे तीच पुढं ढकलते. सगळ्या पट्ट्यांची तारीख एक, म्हणून प्रत्येक छपाईला ती आठ दिवस पळत राहिली.

इथं क्लोनच्या मेथडमध्ये तारखेसाठी आणखी एक ओळ घालावी असं वाटेल. घालू नका. पट्ट्या एकमेकींपासून सुटतील, पण तीच पट्टी दुसरी प्रत म्हणून पुन्हा छापली की तिची स्वतःची सौद्याची तारीख पुन्हा आठ दिवस सरकेल. तारखेसाठी ‘डेटटाइम इम्युटेबल’ वापरा. ते पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. त्याच्यावर ‘मॉडिफाय’ केलं की मूळ तारीख जागेवर राहते आणि नवी तारीख उत्तर म्हणून परत येते. ते उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला विसरलात तर मुदत सौद्याच्याच दिवसाची छापली जाईल. जुना कोड बदलताना ही चूक हमखास होते, तेव्हा ‘मॉडिफाय’, ‘ॲड’, ‘सब’ असलेली प्रत्येक ओळ शोधून डावीकडं बरोबरचं चिन्ह आहे का ते बघा. मी आता नव्या कोडमध्ये साधा ‘डेटटाइम’ वापरतच नाही.

तीन खेपांनंतर मी क्लोनच्या ओळी मोजत बसायचं सोडलं आणि क्लासकडं परत पाहिलं. चूक खरं तर तिथं होती. हमालीचा दर हा दिवसाचा असतो, त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्यांना एकच. उचल ही शेतकऱ्याची असते. सौद्याची तारीख एकदा पडली की बदलत नाही. मी दिवसाचं आणि माणसाचं एकाच ‘खर्च’ नावाच्या पोत्यात भरलं होतं. वहीत असं कुणी करत नाही. दिवाणजींच्या कच्च्या वहीत दर पानाच्या डोक्यावर एकदाच लिहिलेला असतो आणि उचल ज्याच्या त्याच्या ओळीत.

म्हणून मी ‘खर्च’ मोडला. ‘दिवसाचे दर’ असा एक छोटा क्लास केला, त्यात हमाली आणि तोलाई, दोन्ही प्रॉपर्टी ‘रीडओन्ली’, म्हणजे एकदा भरल्यावर फक्त वाचायच्या. ही सोय पीएचपी ८.१ पासून आहे; ८.२ पासून अख्खा क्लासच रीडओन्ली करता येतो. एकदा कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) भरलं की नंतर कुणी बदलायला गेलं तर तिथंच एरर येते. हा ऑब्जेक्ट सगळ्या पट्ट्यांत एकच राहिला तर उत्तम. तसाच राहायला हवा. उचल थेट पट्टीची प्रॉपर्टी झाली, साधा आकडा. आणि नमुना पट्टी काढून टाकली. तिच्याऐवजी एक फंक्शन, जे नोंद आणि दिवसाचे दर घेतं आणि दर वेळी न्यू करून ताजी पट्टी देतं. क्लोन हा शब्द त्या प्रोग्रॅममधून गेला.

ऑब्जेक्ट सामाईक असणं हा दोष नव्हे. जे बदलतं ते सामाईक असणं हा दोष. ज्यांना सगळीकडं क्लोन पेरायची सवय असते, त्यांच्या कोडमध्ये मग उलटा बिघाड येतो: दिवसाचा दर दुरुस्त केला तरी अर्ध्या पट्ट्यांत जुनाच राहतो, कारण प्रत्येकीनं आपली वेगळी प्रत करून ठेवलेली असते.

रीडओन्लीबद्दल दोन गोष्टी. एक, रीडओन्ली प्रॉपर्टीत ऑब्जेक्ट असेल तर चिठ्ठी बदलता येत नाही, पण पेवातला माल बदलता येतो. आतला ऑब्जेक्टही न बदलणारा हवा. दोन, पीएचपी ८.१ आणि ८.२ मध्ये क्लोनच्या मेथडमधून रीडओन्ली प्रॉपर्टी बदलायला गेलं तर एरर येते, ८.३ पासून तिथं ती नव्यानं भरायची परवानगी आहे. सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा. आपल्या लॅपटॉपवर नवी आणि होस्टिंगवर जुनी असं बऱ्याचदा असतं.

हाच बिघाड आणखी कुठं लपतो ते थोडक्यात. ‘ॲरे फिल’नं पाच रिकाम्या पट्ट्या एकदम भरल्या तर पाचही जागी एकच ऑब्जेक्ट बसतो, कारण न्यू एकदाच चालतं. ॲरेची नक्कल केली तरी आतले ऑब्जेक्ट तेच राहतात. ॲरे वेगळा होतो, त्यातल्या चिठ्ठ्या होत नाहीत. यादीवरून फिरणाऱ्या साध्या फोरईच लूपमध्ये अँपरसँड न लावताही ऑब्जेक्टची प्रॉपर्टी बदलली तर मूळ यादीत बदलते. डेटाबेसच्या नोंदी ऑब्जेक्ट म्हणून देणारं डॉक्ट्रिनसारखं साधन वापरत असाल तर त्यातल्या एकाच एंटिटी मॅनेजरकडून तीच नोंद दोनदा मागितली तरी तोच ऑब्जेक्ट मिळतो, आणि तिथं तसंच अपेक्षित आहे. ऑब्जेक्ट सिरियलाइज करून (मजकुरात बदलून) लगेच अनसिरियलाइज केला (परत ऑब्जेक्ट केला) की सगळे मजले वेगळे होतात, हा तोडगाही लोक सांगतात. आत क्लोजर (बिननावाचं फंक्शन) किंवा डेटाबेसचं कनेक्शन असलं की तो जागीच अडतो, आणि जे सामाईक राहायला हवं तेही फोडून ठेवतो. मी तो वापरत नाही.

एक जुळा बिघाड मात्र वेगळा ओळखा. फक्त शेवटची पट्टी चुकत असेल आणि ती हुबेहूब शेवटून दुसरीसारखी दिसत असेल, तर तो ऑब्जेक्टचा प्रश्न नाही. आधीच्या एखाद्या फोरईचमध्ये अँपरसँड लावलं आहे, लूप संपल्यावरही ते व्हेरिएबल शेवटच्या घराला चिकटून राहिलं आहे, आणि पुढच्या लूपनं तेच नाव वापरून त्या घरात लिहिलं आहे. त्या लूपनंतर लगेच ‘अनसेट’ करा.

स्टॅटिक प्रॉपर्टीवरही नजर टाका. ती क्लासची असते, ऑब्जेक्टची नाही, म्हणजे अख्ख्या क्लासला एक. नेहमीच्या सर्व्हरवर दर रिक्वेस्टला सगळं कोरं होतं. म्हणूनच एकेक पट्टी काढली की बिघाड दिसत नव्हता: एका रिक्वेस्टमध्ये एकच पट्टी, गोंधळ घालायला दुसरी नाहीच. रांगेतली कामं करणारा वर्कर मात्र तासन्‌तास चालू राहतो, तिथं स्टॅटिकमध्ये सकाळी ठेवलेलं संध्याकाळपर्यंत राहतं.

तुलना करताना चिन्हाकडं लक्ष द्या. दोन बरोबरची चिन्हं लावली तर एकाच क्लासचे, सारख्या आकड्यांचे दोन वेगळे ऑब्जेक्टही समान ठरतात. तीन लावली तर तो एकच ऑब्जेक्ट आहे का हे कळतं. हा बिघाड शोधताना तीनच हवीत.

आता प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की दुकानात पाठवण्याआधी मी एक छोटी चाचणी चालवतो. दोन शेतकऱ्यांच्या दोन पट्ट्या एकाच लूपमध्ये करायच्या. पहिलीत उचल ५,००० लिहायची, दुसरीची उचल शून्यच आहे ना ते बघायचं. दोन्ही पट्ट्या दोनदा छापायच्या आणि चारही कागदांवर मुदत सौद्यापासून आठच दिवसांची आहे ना ते तपासायचं. शेवटी दोन्हींच्या आतला दरांचा ऑब्जेक्ट तीन चिन्हांनी ताडून बघायचा. तो मात्र एकच निघायला हवा.